ईटीपीतला लेबल प्रिंटर

बाबा, तू गेलास तेव्हा माझी मुलगी पोटात होती. आता ती बारावीला आहे आणि क्लासला जायच्या आधी आतल्या खोलीत जरा पडली आहे. तिचे वडील द्रोणागिरीला गोदामात ड्युटीवर गेलेत. आज रविवार आहे, पण कंटेनरला रविवार नसतो. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. कुकर झाला आहे, खिडकीतून समोर बांधकाम चाललेल्या टॉवरचा पाळणा खालीवर होताना दिसतो आहे आणि पलीकडे तळोज्याच्या बाजूला नेहमीसारखा पिवळट धूर. तू वाचायचास ते ओळीखाली बोट फिरवत, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. सवय मोडलेली आहे. दिवसभर मी बोटांनी टाइप करते, पेन महिन्यातून एखाद्या वेळी धरते, तेही सही करायला.

माझं काम काय असतं हे तुला कधी कळलंच नाही, कारण मी कामाला लागायच्या आधी तू गेलास. तुला एवढंच माहीत होतं की पोरगी कॉम्प्युटर शिकली. डिप्लोमाचा निकाल लागला त्या दिवशी तू कारखान्याच्या भंगारातून एक फिरती खुर्ची आणलीस. पाठ फाटलेली, एक चाक नसलेली. गावच्या टेम्पोत ती उलटी घालून, स्वतः तिचे पाय धरून तू आलास आणि पडवीत ठेवून म्हणालास, "बस यावर." आई म्हणाली, "घरान कॉम्प्युटर नाय आनि खुर्ची कशाला?" तू म्हणालास, "खुर्ची आली म्हंजे तो बी येल." मी बसले, खुर्ची चाक नसलेल्या बाजूला कलंडली आणि आपण तिघंही हसलो. तू इतका हसलेला मला फार वेळा आठवत नाही.

एरवी तू घरी यायचास तो गप्प. आपली जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि त्या बदल्यात तुला रंगाच्या कारखान्यात नोकरी मिळाली, हे मला कळायच्या आधीचं. मला कळतं आहे तेव्हापासून तू जांभळा किंवा निळा असायचास. मोरीत आंघोळ करून यायचास, पण कानांच्या मागे, नखांच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यांत रंग राहायचा. आई तुझी चादर वेगळी धुवायची. स्वयंपाकघरात चुलीजवळ पाटावर बसून तू जवळ्याची चटणी आणि भाकरी खायचास, आणि घाम आला की तुझ्या मानेवरून फिकट जांभळा ओघळ उतरायचा. मला तो छान दिसायचा. मी लहान होते.

मी दहावीत असताना शहरातून दोन माणसं गावात आली होती. नाल्याचं पाणी, खाडीतला मासा, कारखान्यातली माणसं, असं काही विचारत घरोघर फिरत होती. तू पडवीत बसून म्हणालास, "आमाला काय म्हाईत नाय." मी दारात उभी होते. मी म्हटलं, "माझ्या बाबाच्या कानातून जांभळं निघतं." त्यातला एक जण माझ्याकडे वळला, पण तू उठून उभा राहिलास आणि ती माणसं निघून गेली. तू मला मारलं नाहीस. आत बोलावलंस, चुलीपुढे बसवलंस आणि हळू आवाजात म्हणालास, "कारखान्याचा नाव घ्यायचा नाय. मानसाचा बी नाय. नाव घेतला का सगला सुरू होतं, मग कोन थांबवत नाय." मला तेव्हा वाटलं तू घाबरलास. आता वाटतं, घाबरलाच होतास, पण त्यात आपल्या तिघांची पोटं धरलेली होती.

नंतर तुझ्या लघवीतून रक्त जायला लागलं. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, काम काय करत होतात?" तू म्हणालास, "शेती." त्यांनी परत विचारलं, "रंग, रबर, केमिकल, असं कुठे कामाला होतात का?" तू म्हणालास, "नाय. शेतीच." तेव्हा शेत जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती. मी तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसले होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. बाईंनी कागदावर शेतकरी असं लिहिलं, आणि मरेपर्यंत तू त्यांच्याकडे शेतकरीच राहिलास. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. गेले काही महिने ते सारखं डोळ्यांपुढे येतं आहे, म्हणून लिहिते.

तर माझं काम. औषधांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी आहे, तळोज्यातच, तुझा कारखाना होता तिथून दोन गल्ल्या सोडून. तुझ्या कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे. माझा रसायनाशी संबंध नाही. कंपनीतली सगळी यंत्रं एकमेकांशी तारेने नाहीतर वायफायने जोडलेली असतात. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन, वजनकाट्याचं मशीन, फोन. एक प्रोग्राम या सगळ्यांवर नजर ठेवतो. कुठलं चालू आहे, कुठलं बंद पडलं, ते माझ्यापुढच्या स्क्रीनवर हिरव्या-लाल ठिपक्यांनी दिसतं. पण त्या प्रोग्रामला यंत्राचा फक्त पत्ता कळतो, आकडे आणि अक्षरं असलेला. ते यंत्र काय आहे, कुठल्या खोलीत आहे, कोणाच्या टेबलावर आहे, हे कुणीतरी जाऊन बघायचं आणि त्याला नाव द्यायचं. ते कुणीतरी म्हणजे मी.

मी आले तेव्हा माझ्या आधीच्या माणसाने किल्ल्यांची नावं देऊन ठेवली होती. त्याला ट्रेकिंगचा नाद. कर्नाळा, प्रबळगड, माणिकगड, सगळे आमच्या स्क्रीनवर. ऐकायला बरं वाटायचं, पण कर्नाळा कुठे आहे हे त्यालाच ठाऊक, आणि तो पुण्याला निघून गेलेला. एकदा प्रबळगड लाल झाला. अर्ध्या कंपनीचं नेट बंद. लोक फोन करून विचारत होते, "मॅडम, गड पडला का?" आम्ही तिन्ही प्लांट पालथे घातले. शेवटी कँटीनच्या जिन्याखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यांमागे तो सापडला, नेट पुढे वाटणारा एक छोटा डबा, उंदराने वायर कुरतडलेला. त्यानंतर मी सगळी नावं बदलायला घेतली. आधी प्लांट, मग मजला, मग खोली, मग वस्तू आणि शेवटी तिचा नंबर. नाव वाचलं की पाय आपोआप तिकडे वळले पाहिजेत. पायात सेफ्टी शूज, डोक्यावर हेल्मेट, हातात लॅपटॉप घेऊन मी कोपरा न् कोपरा फिरले. ज्यांची ओळख पटलेली नसते त्यांच्यापुढे प्रोग्राम राखाडी प्रश्नचिन्ह दाखवतो. ती प्रश्नचिन्हं एकेक करून गेली. बायका पापडाचं पीठ संपत आलं की जसा हात चालवतात तसा माझा हात चालत होता. लोक माझ्या पद्धतीचं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. ते शांत आहेत, प्रत्येकाला अहो-जाहो करतात. माझी पाठ दुखते हे कळल्यावर त्यांनी न सांगता चांगली खुर्ची मागवली. मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत लवकर जाऊ दिलं. मी त्यांच्यासाठी मनापासून काम करत होते.

या पावसाळ्यात एक व्हिडिओ फिरला. आमच्या कंपनीच्या मागच्या बाजूचा पाइप, धो धो पाऊस, आणि पाइपातून नाल्यात पडणारं तपकिरी, फेसाळ पाणी. कंपनीत सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे, त्याला सगळे ईटीपी म्हणतात. पाणी तिथून साफ होऊनच बाहेर गेलं पाहिजे. पण टाक्या भरत आल्या आणि पाऊस जोरात असला की रात्रपाळीला व्हॉल्व्ह उघडतात, पावसाच्या पाण्यात मिसळून जातं, कुणाला दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. व्हिडिओ सरकारी कचेरीपर्यंत गेला. माणसं आली, पाण्याचे नमुने घेऊन गेली, नोटीस लागली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तिथला कॅमेरा बंद होता," ते म्हणाले. तो बंद ठेवायला कुणी सांगितलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "पण वायफाय चालू होतं. हजेरीच्या ॲपसाठी सगळ्यांचे फोन आपल्या वायफायला असतात ना?"

मी हो म्हटलं.

"मग त्या वेळी ईटीपीजवळ कुठले फोन होते, ते तुम्हाला दिसत असेल."

"पत्ते दिसतात सर. नावं नाहीत. कामगारांच्या फोनना आपण नावं दिलेली नाहीत."

"तेच म्हणतो मी." ते हसले. "नावं लावू या. तुमची पद्धत इतकी छान आहे. आधी त्या दिवशीचे, मग हळूहळू सगळ्यांचे."

माझ्या टेबलाशी येऊन मी तो दिवस काढून बघितला. त्या वेळी ईटीपीच्या खोलीपाशी दोनच फोन होते. एक पाळीच्या केमिस्टचा. त्याला कंपनीने फोन दिलेला, म्हणून त्याचं नाव होतं. मराठवाड्यातून आलेला पोरगा, नुकतं लग्न झालेलं, तळोज्याच्या नव्या टॉवरमध्ये भाड्याने राहणारा. दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह.

मी लॅपटॉप घेऊन ईटीपीला गेले. तिथला ऑपरेटर तुझ्या ओळखीचा. आठवतो का, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, लांब मानेचा, रंगाच्या कारखान्यात तुझ्या हाताखाली होता तो? आता त्याचे केस पांढरे झालेत. मी त्याला काका म्हणते, तो मला बाय म्हणतो. कंपनीत तेवढा एकच जण मला मॅडम म्हणत नाही. काका टाकीच्या कडेला उभे राहून जाळीवरचा गाळ ओढत होते. त्यांचा फोन आत खिडकीत चार्जिंगला लावलेला. माझ्या स्क्रीनवर त्या बिननावाच्या ठिपक्याचा सिग्नल ठणठणीत दिसत होता.

"काका, तुमचं वायफाय जरा बंद करून परत चालू करता?"

त्यांनी हात पुसले, आत आले, फोन हातात घेतला. माझ्याकडे बघितलं. बंद केलं. माझ्या स्क्रीनवरचा ठिपका लाल झाला. त्यांनी परत चालू केलं, तो हिरवा झाला.

"गावला ना?" ते म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला.

"मीच हाय तो, बाय. माझे भावाच्या जाल्यान मासा नाय येत, फेस येतं. त्याची पोरा खाडीन उतरली का अंग खाजवत बसतान." मग फोन खिशात ठेवत म्हणाले, "तुजा बापूस बोलला नाय. मी बी तवा नाय बोललो. त्याचा काय झाला, तू बगितलास."

बाबा, इतक्या वर्षांत तुझ्या मरणाचं कारण पहिल्यांदा कुणी मोठ्याने बोललं, तेही गाळाच्या वासात, पंपाच्या आवाजात. मी विचारलं, "काका, चहा झाला का?" आणि परत आले.

टेबलाशी बसून मी त्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिले. रिकामं ठेवलं तर साहेब दुसऱ्या कुणाला तरी शोधायला लावतील, बाहेरून माणूस आणतील. खरं नाव लावलं तर काका संध्याकाळपर्यंत गेटबाहेर. मी टाइप केलं, ईटीपी, तळमजला, लेबल प्रिंटर, एक. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं छापणारा छोटा प्रिंटर असतो, तसा. प्रश्नचिन्ह गेलं. साहेबांना मी सांगितलं, "एक केमिस्टचा फोन आहे आणि दुसरा प्रिंटर आहे, बाटल्यांसाठी नेलेला." साहेबांनी मान डोलावली. माझ्या पद्धतीवर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी पुढे एक प्रश्नही विचारला नाही.

मला वाटलं होतं खोटं एकदा बोललं की झालं. पण हे खोटं चालायला लागलं, बाबा, अगदी पायांनी. पाळी सुटली की लेबल प्रिंटर गेटपाशी जाऊन लाल व्हायचा. सकाळी पाळीवर यायचा. जेवणाच्या सुट्टीत कँटीनला जायचा. एकदा दुपारी तो युनियनच्या खोलीजवळ बराच वेळ थांबला. मी दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचे. कुणी माझ्या मागे आलं की स्क्रीनवर दुसरं पान आणायचे. शिवाय पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून ते यंत्र कुठल्या कंपनीने बनवलं ते कळतं. काकांचा फोन जुना, त्याचा पत्ता सरळ सांगत होता की मी फोन आहे. जाणता माणूस एकदा बघायचा अवकाश. घरी भाजी चिरताना, मुलीच्या केसांना तेल लावताना माझं लक्ष तिकडेच. ती म्हणायची, "आई, तू कुठे आहेस?" मी म्हणायचे, "इथेच आहे."

आणि ज्याचा विचार मी केला नव्हता ते घडलं. प्रिंटर व्हिडिओ काढत नाही. मग उरला कोण? केमिस्ट. त्याला आधी केबिनमध्ये बोलावलं, मग परत बोलावलं. त्याची पाळी काढून घेतली, ऑफिसात नुसतं बसवून ठेवलं. एक दिवस तो माझ्याकडे लॅपटॉप परत करायला आला. म्हणाला, "मॅडम, राजीनामा द्या म्हणतात. नाहीतर कामावरून काढल्याचं लिहून देऊ, पुढे कुठे लागणार नाही म्हणतात. मी काय केलं तेच मला कळत नाही. घरी सांगितलेलं नाही अजून. तुम्ही नेटवर्कमधून काही काढून देऊ शकता का, मी नव्हतो असं?" तो होता, बाबा. तो खरंच तिथे होता, त्याचं काम होतं ते. त्याच्या नावापुढे मी लावलेलं सगळं खरं होतं, आणि तेच त्याला बुडवत होतं. मी म्हटलं, "बघते." त्याने मला धन्यवाद दिले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी पनवेलच्या मासळी बाजारात गेले. काकांची बायको तिथे बसते, आणि सुट्टीच्या दिवशी काका तिला बर्फ आणून देतात. बोंबलांच्या पाट्यांमागे, बर्फाच्या गोणीवर ते बसले होते. मी सगळं सांगितलं. केमिस्टचं, प्रिंटरचं, सगळं. मला काय हवं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला सांगावं की नाव लाव, की सांगावं की लावू नको, दोन्हीपैकी काहीही ऐकलं असतं तरी मला रडू आलं असतं. त्यांची बायको ग्राहकाशी बोलता बोलता ऐकत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"परक्या मानसाचा पोर हाय तो," ती म्हणाली.

"हा," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू नाव नको घेव, बाय. माजा मी घेतो."

"काका, नोकरी जाईल."

"गेली तं गेली. भावाची होडी हाय." आणि जरा थांबून, "फेस तं फेस. जाला वडाय तं लागंल."

सोमवारी सकाळी लेबल प्रिंटर ईटीपीत गेला नाही. तो गेटमधून सरळ ऑफिसच्या इमारतीकडे आला, जिना चढला, आणि साहेबांच्या केबिनबाहेर थांबला. मी माझ्या टेबलाशी बसून स्क्रीनवर ते बघत होते. मान वळवली असती तर काचेतून काका खरेच दिसले असते. मी वळवली नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. त्यांच्यापुढे माझी यादी छापून ठेवलेली होती.

"त्यांनी कबूल केलं," ते म्हणाले. "व्हिडिओ दाखवला स्वतःच्या फोनवर."

त्यांनी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"तुमच्या यादीत तर तो प्रिंटर आहे."

मला वाटलं आता संपलं, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. मी मनात शब्द जुळवायला लागले. पण साहेबांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"चुका होतात, मॅडम. इतकी यंत्रं असतात. मी हे कुठे बोलणार नाही." ते अगदी मऊ आवाजात बोलत होते. "तुमच्यासारखं माणूस मला परत मिळणार नाही. पुढच्या महिन्यापासून तिन्ही प्लांट, ठेकेदाराची माणसं, ड्रायव्हर, सगळ्यांचे फोन नावानिशी घेऊ. कोण कुठे असतं ते कळलं म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीनेही चांगलं. तुम्हीच करा. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

मी नाही म्हणू शकले असते. तोंड उघडलंही होतं. त्यांनी विचारलं, "मुलगी बारावीला ना? अभ्यास कसा चाललाय?" त्यात धमकी नव्हती, बाबा, शपथेवर सांगते. ते नेहमी विचारतात. मी म्हटलं, "बरा चाललाय सर."

काकांना काढलं नाही. नोटीस चालू असताना काढणं बरं दिसलं नसतं. त्यांना गेटवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या नंबरांकडे बघत. गणपतीपर्यंत ते बसले आणि मग स्वतःच निघून गेले. त्यांची बायको बाजारात भेटते. म्हणते, "होडीवर जातान. झोप लागते त्यांना आता." केमिस्टला पाळी परत मिळाली, पण त्याचं मन उडालं होतं. तो दिवाळीआधी दुसरीकडे लागला. जाताना पेढे घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही काहीतरी केलंत, मला माहीत आहे." मी पेढा घेतला. पाइपातून आता पाणी येत नाही, निदान पावसाळा संपल्यापासून नाही. पुढच्या पावसात काय होईल ते मला कळेल, कारण व्हॉल्व्हजवळ कोण गेलं ते आता मलाच आधी दिसतं.

कारण मी नावं लावली. अजून लावते आहे. रोज काही माणसं माझ्यापुढे उभी राहतात, वायफाय बंद करून चालू करतात, आणि मी त्यांचं नाव, गाव, ठेकेदार विचारून टाइप करते. बिहारची, ओडिशाची, आपल्या बाजूची. काही हसतात, फोटो काढतो तसं केस नीट करतात. एका म्हाताऱ्या झाडूवाल्या मावशींनी विचारलं, "यान काय होतं, मॅडम?" मी म्हटलं, "तुम्ही कुठे आहात ते कळतं." त्या म्हणाल्या, "मी तं हतंच हाय, अजून कुठं जानार?" आणि नाव सांगितलं. मी नोकरी का सोडत नाही, असं तू विचारलं नसतंस. तुला उत्तर माहीत होतं. या वयात, या डिप्लोमावर, मला परत कोण घेणार? आणि सोडलीच तर त्या ड्रॉवरमधला कागद साहेब बाहेर काढतील की नाही, हे मला ठाऊक नाही. कदाचित काढणार नाहीत. ते भले आहेत. त्यांच्या भलेपणातून बाहेर पडायला दारच नाही.

तू तेव्हा डॉक्टरीणबाईंना शेती म्हणालास. मी इतकी वर्षं धरून बसले होते की तू भित्रा होतास, आणि मी शिकले म्हणजे मी तशी होणार नाही. आता मी केबिनमध्ये उभी असते, साहेब विचारतात सगळं ठीक ना, आणि मी ज्या आवाजात हो म्हणते तो आवाज तुझा असतो. मला तुझा राग येत नाही आता. तुझ्या शेजारी बसावंसं वाटतं, एवढंच. दोघांनी काही न बोलता.

मुलगी उठली वाटतं, नळाचा आवाज येतो आहे. हे कागद मी ठेवणार नाही. ठेवले तर तिला सापडतील आणि ती विचारेल, आणि तिला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. एक गोष्ट मात्र राहिली, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तिच्या वडिलांनाही नाही. गेल्या आठवड्यात एक दिवस मी गेटवर वॉचमनला म्हटलं, फोन घरी राहिला, हजेरी हाताने लिहून घ्या. त्याने घेतली. मग दिवसभर मी कंपनीत फिरले. बॉयलरच्या मागे गेले, टाक्यांवरच्या लोखंडी वाटेने गेले, जिथे माझं काहीच काम नव्हतं तिथे कठड्याला टेकून उभी राहिले. वारा होता. मी कुठे आहे हे त्या वेळी कुणालाही ठाऊक नव्हतं. मी काही केलं नाही. नुसती उभी होते, आणि मग खाली आले, आणि कामाला बसले. फोन घरी राहिला नव्हता, बाबा. मी ठेवून गेले होते.